काचेखालचं पान

लॅथम हिल, नॉर्थ कॅरोलायना
६ नोव्हेंबर १९९६

प्रिय व्हिनेटा,

सप्रेम. तू आणि तुझ्या घरची माणसं बरी असाल असं धरून चालते. माझं ठीक आहे. डावा गुडघा जिना चढू देत नाही म्हणून झोपायची खोली खाली आणली. डोळे, कान आणि आवाज अजून कामाचे आहेत. आवाजाबद्दल चर्चमधली मुलं तक्रार करतात.

पाकिटावर मी माझं नाव घातलेलं नाही. कोणी विचारलंच, तर भरतकामाच्या दुकानाचं पत्रक आहे म्हणून सांग. आणि उभ्याने वाचत असशील तर आधी बस.

मी अर्झेलिया गेदर. लॅथम हिल सेमिनरीत तीन वर्षं तुझ्या खोलीत राहिलेली. अक्षरावरून ओळखलंच असशील. आमच्या गेदरचं अक्षर कवायत करतं, असं मुख्याध्यापिका मिसेस ब्लेकनी म्हणायच्या, आणि ते अजून कवायतच करतं.

इकडच्या बातम्या आधी देते, कारण तुला त्या कोणी दिल्या नसतील. सेमिनरी एकाहत्तर साली बंद पडली. आपल्या वसतिगृहाचं छप्पर बसलं. त्यात आता झाडं वाढली आहेत. जेवणघर मात्र उभं आहे. ते आम्ही माजी विद्यार्थिनींनी घेतलं, डागडुजी केली आणि त्यात शाळेच्या वस्तू मांडल्या. समितीची अध्यक्ष मी आहे. मिसेस ब्लेकनींची पितळी घंटा आहे, धुण्याच्या खोलीतल्या इस्त्र्या आहेत, रविवारचा पांढरा पोशाख आहे. आणि अल्बम आहेत. शेवटच्या आठवड्यात आपण एकमेकींकडून लिहून घेतले ते, रंगीत पानांचे. लोक इस्त्र्यांसमोरून सरळ पुढे जातात आणि अल्बमांपाशी थांबतात.

माझाही त्यात आहे. पहिल्या पानावर मुख्याध्यापिका, मधे सगळ्या, शेवटच्या पानावर खोलीतली सोबतीण, ही आपली रीत. घरी न्यायच्या आधी मिसेस ब्लेकनी सगळे अल्बम वाचून काढायच्या आणि लाल शाईने दुरुस्त करायच्या, हे आठवतं ना? रोझेटा क्रंपने माझ्या पिवळ्या पानावर वाद्यवृंदातल्या त्या मुलाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यातल्या दोन बाईंनी खोडल्या आणि कडेला लिहिलं, ‘अनावश्यक.’ ते वाचून लोक हसतात. रोझेटाही हसते. तिने पुढे त्याच मुलाशी लग्न केलं आणि आता बाई बरोबर होत्या असं म्हणते.

तुझं पान गुलाबी आहे. वर तुझा फोटो. मे महिन्यात तो फिरता फोटोग्राफर यायचा, सगळ्यांना एकाच खुर्चीत बसवायचा आणि एकाच बाजूला बघायला लावायचा, त्याने काढलेला. खाली माझ्या स्वभावावर केलेला एक विनोद. स्वर्गात गेल्यावर मी आत शिरायच्या आधी दारावरच्या पाटीतली अक्षरं सरळ करून घेईन, असा. त्याखाली, जसं सगळ्यांनी लिहिलं तसं, नाव, गाव, काउंटी आणि चर्च.

आता मुद्द्यावर येते.

लॅट्रिस टायसन म्हणून एक हुशार मुलगी तिथलं काम बघते. काचेच्या पेट्या तीच लावते. माझा अल्बम तिने मधल्या पेटीत ठेवला, तो तुझ्या पानावर उघडला गेला. जुनी बांधणी अशीच असते, एखाद्या ठिकाणी सैल पडलेली असते आणि पुस्तक तिथेच उघडतं. मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

गेल्या महिन्यात विद्यापीठातून इतिहासाच्या वर्गाची मुलं आली. गोरी, काळी, सगळी मिसळून. बाकीचे बसमध्ये जाऊन बसले तरी एक मुलगी मधल्या पेटीपाशी उभीच. उंच, बारीक, पिंगट केसांची. मी तिला म्हणाले की पेटीच्या काचेवर टेकायचं नसतं. ती बाजूला झाली आणि मला विचारलं की ही कोण. मी म्हटलं, कार्डावर लिहिलंय. ती म्हणाली, “कार्ड वाचलं मी. पण ही माझी आजी आहे.”

तिचं नाव मेरेडिथ हॉल्टन. तुझ्या पीटरची मुलगी.

अशा वेळी काय म्हणायचं ते तुला माहीत आहे, मलाही आहे. पलीकडे गेलेल्या प्रत्येकीबद्दल आपण सगळ्यांनी एकच म्हटलं. मला नाही बाई माहीत. किंवा, ती केव्हाच वारली. तुझ्या आईला आम्ही त्या दोन वाक्यांवरच सांभाळलं. दुकानात, चर्चमध्ये, कोणी नवखं विचारायला लागलं की कोणीतरी पुढे व्हायचं आणि विषय संपवायचं. ती दोन्ही वाक्यं माझ्या तोंडात तयार होती, व्हिनेटा. ती मी बोलले नाही. मी मुलीला बाकावर बसवलं.

“तुझी आजी स्वतःला कुठली म्हणवते?” मी विचारलं.

“व्हर्जिनियाची. तिच्या घराला आग लागली होती. सगळे त्यात गेले. म्हणून तिच्याकडे लहानपणाचा एकही फोटो नाही.”

“आग कुठेही लागली नव्हती. तुझ्या पणजीचं घर इथून पाऊण तासावर आहे. पुढचा ओटा तेवढा खचलाय.”

तिने पुन्हा पेटीकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मनगट उलटं करून. ती तसं करणार हे मला कळलं होतं. “पण ही शाळा तर...” एवढंच म्हणाली आणि थांबली.

“हो. काळ्या मुलींची. तुझी आजी काळी आहे, बाळ. दिसायला तुझ्यासारखी, पण आमच्यातली. एकोणपन्नास साली ओहायोला गेली आणि गोरी म्हणून राहिली. तिथे तिला कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.”

तिने पाणी मागितलं. पाहुण्यांसाठी केलेला थंड चहा होता, तो दिला. एक घोट घेऊन म्हणाली, फार गोड आहे. मी म्हटलं, तुझ्या आजीला यापेक्षा गोड लागायचा. तेव्हा ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता.

मुलगी चांगली आहे. उगाच बडबडत नाही. थँक्सगिव्हिंगला ती घरी येणार आहे, आणि तुला एकटीला गाठून विचारणार आहे. तोपर्यंत आजोबांना किंवा वडिलांना एक अक्षर सांगणार नाही असा तिने मला शब्द दिलाय, आणि ती तो पाळेल. म्हणून तिच्याकडून तुझा पत्ता घेऊन तुला आधी कळवते आहे. तू काय सांगायचं ते तू ठरव. ती बाई म्हातारी झाली, तिचा चेहऱ्यांचा गोंधळ होतो, असं तू म्हणालीस तर मी तुझ्या नातीला पत्र लिहून तेच कबूल करीन. माझ्यात तेवढी अक्कल उरली नाही हे पटवणं मला जड जाईल, पण करीन.

उत्तराची वाट पाहते.

तुझी,
अर्झेलिया गेदर


लॅथम हिल
९ डिसेंबर १९९६

प्रिय व्हिनेटा,

थँक्सगिव्हिंग होऊन गेलं. तुझं पत्र नाही, मेरेडिथचाही फोन नाही. मी तिच्या वसतिगृहात निरोप ठेवला, तर ती अजून ओहायोहून परतलेली नाही म्हणाले. परीक्षा तोंडावर असताना मुलगी परत येत नाही याचा अर्थ लावत बसणं मला जमत नाही.

तू रागावली असशील तर तसं लिही. रागाचं पत्रसुद्धा मी नीट वाचीन.

मधली पेटी मी रिकामी केली आहे. अल्बम घरी आणला. पेटीत सध्या घंटा ठेवली आहे.

गोठवणारी थंडी पडली आहे. नळ फुटू नयेत म्हणून रात्री थेंब थेंब सोडून ठेवावे लागतात. तुमच्याकडे तर बर्फच असेल.

फक्त पोचल्याचं कळव.

अर्झेलिया


लॅथम हिल
२१ जानेवारी १९९७

प्रिय व्हिनेटा,

तुझं पत्र आलं. मी ते टपालपेटीपाशीच उघडलं आणि तिथेच वाचलं. शेजारच्या मिसेस डॉकरी दोनदा विचारून गेल्या, आत चला, गारठाल. मग त्यांनीच मला धरून आत आणलं.

इतक्या वर्षांत तुझं अक्षर बदललेलं नाही. मला वाटलं होतं की तिथे राहून तेही वेगळं केलं असशील.

तू लिहिलंयस ते मी पुन्हा इथे मांडते, कारण मला ते नीट समजलंय याची खात्री व्हायला हवी. मेरेडिथने तुला स्वयंपाकघरात विचारलं. तू बटाटे सोलत होतीस, आणि सोलत सोलतच हो म्हणालीस. माझं म्हातारपण तुला वापरावं लागलं नाही. मग रविवारी जेवणं झाल्यावर तू स्वतःच नवऱ्याला, एव्हरेटला, सांगितलंस. त्याने टोपी घेतली आणि गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसला. गाडी सुरू केली नाही. बऱ्याच वेळाने आत येऊन विचारलं, “पीटरला सांगितलंस?” तेवढंच. तेव्हापासून तो तुझ्याशी जेवणाखाण्यापुरतं बोलतो, पण घर सोडून गेलेला नाही. पीटर मात्र तुझा फोन घेत नाही. त्याच्या बायकोने नाताळच्या भेटी न उघडता परत पाठवल्या, लहान नातवाला पाठवलेला स्वेटरसुद्धा. मेरेडिथ परीक्षा सोडून तुझ्यापाशी राहिली आणि त्यावरून बापलेकीत मोठं भांडण झालं.

आणि हे सगळं लिहून झाल्यावर तू लिहितेस की यात कोणाचा दोष नाही, असला तर तुझा एकटीचा. पुस्तक आपोआप तिथे उघडलं, त्याअर्थी ते देवानेच उघडलं असं तू समजतेस. एकोणपन्नास सालापासून छातीवर धरून ठेवलेला श्वास सुटला असं लिहितेस. आणि पेटी लावणाऱ्या त्या मुलीला, लॅट्रिसला, माझे आभार सांग, असं लिहितेस.

तो निरोप मी दिलेला नाही. देऊ शकत नाही. का ते सांगण्यासाठी हे पत्र आहे. हे आधीच्या पत्रात लिहायला हवं होतं. मी बसले होते लिहायला, आणि त्याऐवजी बांधणी सैल असते वगैरे लिहिलं.

अल्बम कुठल्याही पानावर आपोआप उघडत नाही. त्याची बांधणी उत्तम आहे. मी तो क्वचितच उघडला, आणि मधली कितीतरी वर्षं तर ट्रंकेच्या तळाशीच होता.

उद्घाटनाच्या सकाळी लॅट्रिसने तो हातात घेऊन मला विचारलं की मुख्याध्यापिकांची सही असलेलं पहिलं पान उघडून ठेवू का. मी म्हटलं, नको, शेवटचं ठेव. तिने पान उलटलं, फोटो पाहिला, नाव वाचलं आणि थोडी थबकली. तिची आजी आपल्या पुढच्या वर्गातली, अडेल फेन्नर. ती म्हणाली, “मिस गेदर, या बाईंबद्दल विचारायचं नसतं असं आजी म्हणायची.”

मी म्हटलं, “तुझी आजी आता नाही. इथली अध्यक्ष मी आहे.”

मग तिने विचारलं, कार्डावर काय लिहू. आणि मी म्हटलं, जे पानावर आहे तेच. नाव, गाव, काउंटी, चर्च. वरून वाकावं लागू नये इतक्या मोठ्या अक्षरात.

वर्तमानपत्राचा माणूस आला, तेव्हा मी कुठे उभी राहिले असेन ते तू ओळखशील. फोटोत माझी कोपरं आली आहेत आणि तुझं पान आलं आहे.

मेरेडिथ येईल हे मला ठाऊक नव्हतं, हे मात्र खरं मान. तुला नात आहे हेही ठाऊक नव्हतं. माझ्या मनात कोणी एक माणूस नव्हतं. कोणीतरी यावं, वाचावं आणि ओळखावं, इतकंच होतं. आणि कोणीतरी आलं, तर तुझी नात. मी तिला बाकावर बसवलं तेव्हा माझा आवाज शांत होता. वर्गात एखाद्या मुलीची लबाडी पकडल्यावर असायचा तसा. मुलगी रडत होती आणि मला बरं वाटत होतं. तिच्या पाठीवर हात का ठेवला नाही ते आता लिहून टाकलं. ती तुझी होती म्हणून.

आता तुमच्या ओहायोतल्या डेटनचं.

अठ्ठावन्न सालच्या ऑगस्टमध्ये मी शिक्षकांच्या अधिवेशनाला तिकडे आले होते. तुला माहीत आहे. आपण भेटलो असं म्हणता येणार नाही, पण तुला माहीत आहे. त्या मोठ्या दुकानात हातमोज्यांच्या विभागात मी उभी होते. आवडलेला जोड हातात होता, विकणारी बाई दुसरीकडे बघत होती, आणि ती कधीतरी माझ्याकडे बघेल म्हणून मी वाट पाहत होते. आपल्याला शिकवलं होतं तशी, पाठ ताठ आणि चेहरा मोकळा ठेवून. तू आलीस. निळा ड्रेस, हाताला छोटा मुलगा, तो पीटर असणार. तू मला पाहिलंस. मी नजर तुझ्यावरून सरकवून टोप्यांच्या मांडणीवर नेली, जसं करायचं असतं तसं. तूही तेच केलंस. दोघींचंही बरोबर होतं. मिसेस ब्लेकनींनी लाल शाई लावली नसती.

मग ती विकणारी बाई लगबगीने वळली आणि तुला म्हणाली, “बोला ना मॅडम.” आणि तू बोललीस. पांढऱ्यात सहा नंबर दाखवा म्हणालीस.

तू मला ढकललं नाहीस. माझ्याबद्दल वाईट शब्द काढला नाहीस. तू फक्त माझ्या आधी घेतलंस. दुसरं तू काय करू शकत होतीस? ‘या आधी उभ्या आहेत’ म्हणाली असतीस तर चाललं असतं का? त्या बाईने तुझ्याकडे वळून पाहिलं असतं, एवढंच. कदाचित तेवढंही नाही. मी हे गेली कितीतरी वर्षं मनात फिरवते आहे. कधी वाटतं, ते एक वाक्य कोणतीही सभ्य गोरी बाई बोलू शकली असती. कधी वाटतं, तशी बाई मी स्वतः तरी कुठे पाहिली होती? मी जोड तिथेच ठेवला आणि बाहेर आले. परत आल्यावर कोणालाही सांगितलं नाही. रीत पाळली म्हणून स्वतःला मोठी समजत राहिले. तुझ्या आईच्या अंत्यविधीला नाव न लावलेली फुलं आली, पांढरी, फार मोठी. सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मीच ती पुढे नेऊन ठेवली. तेव्हाही मी स्वतःला मोठीच समजले.

आणि लॅट्रिसने पान उघडलं तेव्हा मला तुझी आई आठवली नाही, आपली खोली आठवली नाही. पांढऱ्यातले सहा नंबरचे हातमोजे आठवले.

हे इतकं क्षुद्र आहे की लिहितानाही हात आखडतो. एखादीने तत्त्वासाठी सांगितलं असतं, खोटं जगू नये वगैरे, तर मी तिच्याशी वाद घालू शकले असते. माझ्याकडे तत्त्व नव्हतं. नंतर मी ते चिकटवायचा प्रयत्न केला. सत्य लपत नाही, मुलांना आपला इतिहास कळायला हवा, असं स्वतःशी बोलून पाहिलं. चर्चमध्ये मुलींना प्रामाणिकपणावर दोन शब्द सांगायचे होते, तेही सांगितले. बोलता बोलता लॅट्रिस मागच्या बाकावर दिसली. ती डोळे मिटून बसली होती.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. मेरेडिथ नव्या वर्षात परतली ती सरळ संग्रहालयात आली आणि लॅट्रिसचे हात हातात घेऊन म्हणाली, “तुम्ही ते पान उघडलं नसतं तर मला काही कळलंच नसतं.” मी तिथे होते. लॅट्रिसने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. तिने बोलायला हवं होतं. ती म्हणाली, “पुस्तकं अशीच कुठेतरी उघडतात.” माझंच वाक्य. बाविशीच्या पोरीने माझ्यासाठी खोटं बोलावं आणि मी ते बोलू द्यावं. मेरेडिथ गेल्यावर मी तिच्याशी काहीतरी बोलायला गेले, तर ती म्हणाली, “राहू द्या मिस गेदर, मला कळतं,” आणि काचा पुसायला लागली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. म्हणून गेल्या शनिवारी समितीची बैठक बोलावली आणि तुला लिहिलं ते सगळं त्यांना सांगितलं. हातमोजेसुद्धा. आठ जणी होत्या. मला वाटलं होतं की आरडाओरडा होईल. झाला नाही. मग रोझेटा क्रंप, जी एरवी पाच मिनिटं गप्प बसत नाही, ती म्हणाली, “अर्झेलिया, कार्ड आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं.”

मी विचारलं, “मग मला बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? कुठल्याशा कारणाने तुला तसं करावं लागलं असेल. आपण कधी कोणाला विचारलंय का?”

सगळ्यांना ठाऊक होतं. उद्घाटनाच्या केकचे तुकडे हातात घेऊन त्या पेटीपुढून गेल्या, कार्ड वाचलं, मला छान झालंय म्हणाल्या. तुझ्या आईपुढे ज्या नजरेने बसायच्या, त्याच नजरेने माझ्यापुढे बसल्या. आता त्या मला सांभाळत आहेत, व्हिनेटा. रोझेटाने बैठकीनंतर घरी हॅम आणि मक्याचा ब्रेड आणून दिला आणि हवेबद्दल बोलत बसली. मला ते खाववलं नाही. टाकून देणंही जमलं नाही. शेवटी खाल्लं.

अध्यक्षपद मी सोडलं आहे. त्यांनी नको म्हटलं, पण सोडलं आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माजी विद्यार्थिनींच्या मेच्या मेळाव्याला यावं का, असं तू विचारलंस, आणि आलीस तर माझ्याकडे उतरशील, कारण इथे तुझं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, असं लिहिलंस. ये. जरूर ये. तुझ्या धाकट्या मावशीची मुलगी इर्मा अजून जुन्या घराजवळ राहते. तिला मी अजून काहीही सांगितलेलं नाही, तू म्हणशील तेव्हाच सांगीन. तुझी ओळख देण्याचा अधिकार यापुढे मी स्वतःकडे घेणार नाही. पण मी कोण आहे हे कळायच्या आधी तू माझ्या घरी उतरावंस, माझ्या हातचं खावंस आणि मला धन्यवाद द्यावेस, हे मी होऊ देऊ शकत नाही. म्हणून लॅट्रिसच्या आईला विचारून ठेवलं आहे. त्यांच्याकडे वरची खोली मोकळी आहे आणि त्या आनंदाने ठेवून घेतील. मेरेडिथ बरोबर आली तर तिचीही सोय होईल.

पीटरला मी पत्र लिहावं असं तुला वाटत असेल तर लिहीन. त्याच्या आईने त्याला सांगायची वेळ स्वतः निवडली नाही, ती माझ्यासारखीने तिच्यावर लादली, हे त्याला कळलं तर कदाचित त्याचा राग थोडा माझ्याकडे वळेल. तो मला चालेल. तू नको म्हणालीस तर नाही लिहिणार. मी खरं काय ते मेरेडिथलाही सांगणार आहे, फक्त हे पत्र तुझ्या हाती पडल्यावर. आधी तुला कळायला हवं.

मी क्षमा मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझ्या पत्रावरून दिसतंच आहे, आणि मग तू दिलीस म्हणून मी झोपेन. काही दिवस मला झोप नको.

इथली बस दुपारी येते. लॅट्रिस स्टँडवर असेल, तिची निळी गाडी आहे. मीही तिथे यावं असं वाटलं तर एका ओळीत कळव. कळवलं नाहीस तर मी घरी थांबेन आणि दार उघडायला बाहेर येणार नाही. मेळाव्यात मागच्या रांगेत बसेन. तू माझ्याशी बोलायचं की नाही, हे तुझं तू ठरव, सगळ्यांच्या देखत. मी नजर दुसरीकडे वळवणार नाही.

जिने ते पान स्वतः उघडायला लावलं, ती
अर्झेलिया